छत्रीच्या काडीला न टोचलेलं पत्र

मी एक जुनी छत्रीची काडी आहे, मित्रांनो. हसू नका. छत्री नव्हे, छत्रीची काडी. छत्री कधीच मोडली. तिच्या आठ काड्यांपैकी सात कुठं गेल्या ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. आठवी मी. येडशीच्या एका घरात खिळ्याला लटकून लोकांची पत्रं अंगावर वागवत बसले आहे. पावसासाठी जन्माला आले आणि टपालाच्या कामाला लागले, अशी माझी गत झाली. सगळी गोष्ट सांगते, पण मधे बोलू नका. मधे बोलण्यानं किती नुकसान होतं तेच मला सांगायचं आहे.

व्यंकटनं मला, म्हणजे आमच्या छत्रीला, सत्तर साली धाराशिवच्या बाजारातून आणलं. दुकानदार म्हणाला होता, दहा पावसाळे काढील. त्या बिचाऱ्याचं चुकलं नाही. छत्री तयारच होती, पावसाळेच आले नाहीत. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा व्यंकट नालाबांधाच्या कामावर हजेरी घ्यायचा आणि त्याची बायको गुलाब तिथंच मातीच्या पाट्या वाहायची. घरात रेशनची मिलो ज्वारी आणि हुलगे, कामावर सरकारकडून खायला सुकडी. आमची छत्री तेवढी उन्हात उघडी. उन्हानं आमचं काळं कापड विटलं, मग विरलं, मग त्याच्या चिंध्या झाल्या. गुलाब म्हणाली, "दुरुस्त करून आणा की." व्यंकट म्हणाला, "पावसाचा पत्ता न्हाय, छत्री काय पुजायची?" आणि त्यानं मला उपसून काढलं.

त्यानं माझं टोक दगडावर घासून अणकुचीदार केलं. वरचं अंग वाकवून आकडा केला. खाली डब्याच्या झाकणाचा गोल तुकडा बसवला आणि मला भिंतीला टांगलं, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या हातभर डावीकडं. तेव्हा घरोघर अशी एक तार असायची. आलेलं पत्र वाचून झालं की तिच्यात खुपसायचं, की झालं जपून ठेवणं! कागदाला भोक पडतं, कागदालाही काही वाटत असेल, याचा विचार कुणी करायचं नाही. नंतर मात्र येईल तो माझ्याकडं बोट दाखवून म्हणायचा, "अरेरे, हिनं भोकं पाडली." मी पाडली! मी आपली जागेवर उभी. खुपसणारे हात तुमचे आणि बदनाम मी.

आता माझ्यावर पहिलं पत्र कुणाचं आलं ते ऐका. अंबुताई जतकरांचं. तेव्हा शास्त्रीय गाण्यात त्यांचं मोठं नाव होतं. ग्रामपंचायतीच्या रेडिओवर व्यंकट त्यांचं गाणं ऐकायचा. कामावरून आलेला, अंगावर मातीचे थर, आणि हा पायरीवर बसून ख्याल ऐकतोय. लोक म्हणायचे, ह्याला ऊन लागलं. एका शनिवारी गाता गाता अंबुताईंना दोनदा खोकला आला. व्यंकटनं जोडकार्ड आणलं. जोडकार्ड म्हणजे एकाला एक जोडलेली दोन पोस्टकार्डं. एकावर आपण लिहायचं, दुसरं कोरं ठेवायचं, म्हणजे समोरच्याला उत्तरासाठी तोशीस पडत नाही. त्यानं रेडिओ केंद्राच्या पत्त्यावर लिहिलं, 'आपणास खोकला झालेला दिसतो. ज्येष्ठमध तोंडात धरावा. गार पाणी पिऊ नये.' गाण्याबद्दल एक अक्षर नाही.

आणि उत्तर आलं! 'लोक मला वाहवा पाठवतात, औषध तुम्हीच पाठवलंत. ज्येष्ठमध धरला आहे. तुमच्याकडे पाऊस आहे का?' ते कार्ड व्यंकटनं आठ वेळा वाचलं आणि मग मला, माझ्या नव्या टोकाला, खचकन टोचलं. नेमकं सहीतून. मी तेव्हाच कपाळावर हात मारला असता, पण मला ना कपाळ ना हात.

तेव्हापासून त्याला नादच लागला. नामवंत गवयांना, वाजवणाऱ्यांना जोडकार्डं पाठवायची आणि त्यांच्या हातची पत्रं मिळवायची. तो कुणाची स्तुती करत नसे, म्हणूनच बहुधा ते उत्तर देत. एका तबलजींना त्यानं विचारलं, तबल्यावरच्या काळ्या शाईत कणीक असते म्हणतात, तर तुमच्या तबल्याला उंदीर लागतात का? त्यांचं दोन्ही बाजूंनी भरून पत्र आलं, सगळं उंदरांवर. गावकऱ्यांच्या आग्रहावरून त्यानं नरहरबुवा वैरागकरांना विचारलं, आमच्याकडं येऊन मल्हार गाल का? बुवांनी फटकारलं, 'मल्हारानं पाऊस पडत असता तर माझ्या वैरागच्या विहिरीत बेडूक उपाशी मेले नसते.' तेही माझ्याच अंगावर. पुढं दुष्काळ हटला, गावात सहकारी दूध संस्था निघाली, व्यंकट तिथं दुधाची फॅट मोजायला लागला. मग संस्थेच्या चिठ्ठ्याही माझ्यावरच. खाली तबलजी, मधे बुवा, वर म्हशीची फॅट. गुलाबनं तर एकदा मला लसणाची जुडी अडकवली. गाणं, दूध आणि लसूण एकाच खिळ्याला! सांगायचं कुणाला?

एका गोष्टीचं मला नवल वाटायचं. माझ्यावर लग्नाची पत्रं होती, बारशाची होती, नोकरी लागल्याची होती, पण मरणाचं एकही नव्हतं. आमच्या भागातली रीतच ती. कुणी गेल्याचं पत्र घरात ठेवायचं नाही. वाचायचं, लगेच फाडायचं, चुलीत घालायचं. त्यामुळं नुसतं मला वाचलं, तर वाटावं की या घरातल्या गोतावळ्यात कधी कुणी मेलंच नाही. गुलाबला वाचता येत नव्हतं. असं पत्र आलं की ती पोस्टमन हणमंतप्पांना उंबऱ्यात बसवायची, पाणी द्यायची आणि वाचायला सांगायची. वाचून झालं की म्हणायची, "पुन्यांदा वाचा." दोनदा ऐकायची आणि मग फाडायची. मला राग यायचा. वाईट बातमी एकदा ऐकून भागत नाही का, म्हणायची मी. काय कळत होतं मला!

अंबुताईंची पत्रं मात्र वाढत गेली. सहा वर्षांत अकरा झाली. व्यंकटनं लिहिलं होतं की दुष्काळात आमच्या घरी रोज हुलग्याचे शेंगोळे असत आणि गुलाबच्या हातचे शेंगोळे खाल्ले की दुष्काळाचा राग जातो. तेव्हापासून त्या प्रत्येक पत्रात शेंगोळ्यांची चौकशी करायच्या. व्यंकटचं एकच म्हणणं होतं, "बारा पत्रं झाली म्हंजी एक वही बांधीन. निस्ती अंबुताईंची." बारावं आलं की मला त्यांच्यापुरती तरी सुटी मिळणार होती. मीही वाट बघत होते.

बारावं पत्र अठ्ठ्याहत्तर साली आलं. निळं आंतरदेशीय, आतून गच्च भरलेलं. व्यंकट संस्थेच्या कामानं धाराशिवला गेला होता. हणमंतप्पांनी पत्र फोडलं, पहिली ओळ वाचली आणि थांबले. "बाई, दुःखाचं हाय," ते म्हणाले. अंबुताईंना सारंगीची साथ करणारे नजीरभाई गेले होते. गुलाब म्हणाली, "समदं वाचा." त्यांनी सगळं वाचलं. ती म्हणाली, "पुन्यांदा वाचा." त्यांनी पुन्हा वाचलं. त्यात काय होतं ते आत्ता सांगत नाही, कारण मला ज्या क्रमानं चीड आली त्याच क्रमानं ती तुम्हालाही यायला हवी. एवढं सांगते की पत्राच्या शेवटी एक प्रश्न होता आणि त्याला उत्तर हवं होतं. हणमंतप्पा गेले. गुलाबनं पदरानं डोळे पुसले, पत्राचे चार तुकडे केले आणि चुलीत घातले.

दिवस मावळायला व्यंकट आला. हणमंतप्पा त्याला वाटेत भेटले होते, अंबुताईंचं पत्र आलंय एवढंच सांगून ते पुढं गेले होते. त्याच आठवड्यात ते नोकरीतून निवृत्त होऊन आपल्या गावी, अक्कलकोटकडं, निघून गेले. व्यंकट घरात आला तो हात पुढं करूनच.

"कुटं हाय पत्र?"

"फाडलं. दुःखाचं व्हतं. सारंगीवाले उस्ताद गेले."

व्यंकटचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हा रडणार. पण माणसं रडायच्या जागी ओरडतात, तसा तो ओरडला. "दीक्षा घेतली, देव सोडले, उपास सोडले, समदं सोडलं. आन् पत्र फाडायचं तेवढं धरून ठिवलंस व्हय? बारावं पत्र व्हतं ते!"

"अवो, पर त्यात आनखी..."

"एक शब्द बोलू नगंस! त्या पत्राचं नाव ह्या घरात पुन्हा काढायचं न्हाय."

मित्रांनो, गुलाबनं आयुष्यात नवऱ्याचं फारसं कधी ऐकलं नव्हतं. चहात साखर कमी घाल म्हटलं की चमचाभर जास्त घालायची. पण हे एवढं एक तिनं असं पाळलं, असं पाळलं, की मला वाटायचं खिळ्यावरून उडी मारून त्या दोघांच्या मधे पडावं. मला सगळं ठाऊक होतं. मी दोनदा ऐकलं होतं. पण काडीला तोंड कुठलं?

पुढचं तर आणखी वाईट. दुसऱ्या दिवशी व्यंकटनं माझ्या खाली बसून जोडकार्ड लिहिलं, 'नजीरभाईंची बातमी कळली. वाईट वाटलं. आपण लवकर पुन्हा गायला लागावं हीच इच्छा.' अरे माणसा! मी वर लटकून नुसती थरथरत होते. एवढंच लिहायचं नव्हतं रे! नेमकं हेच लिहायचं नव्हतं! गुलाब चुलीपाशी बसून बघत होती. तिनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. कार्ड पेटीत पडलं. त्याचं जोडलेलं अर्धं कधी परत आलंच नाही.

अंबुताईंचं गाणं रेडिओवरून हळूहळू बंद झालं. व्यंकट म्हणायचा, मोठी माणसं, विसरली. त्यानं कुणालाच जोडकार्ड पाठवायचं सोडलं. माझ्यावर धूळ बसली, पाल फिरली. नवरा-बायको एकमेकांशी बोलायचे, पण कामापुरतं, आणि त्या भिंतीकडं पाहून कधीच नाही. आठ वर्षं! आठ वर्षांत दूध संस्थेची इमारत उभी राहिली, गावात दोन दुष्काळ येऊन गेले, पोरीचं लग्न झालं, पण या दोघांच्या मधलं ते एक वाक्य काही पुरं झालं नाही.

शहाऐंशी साली सोलापूरहून वसंतराव नावाचे गृहस्थ आले. मोठ्या गवयांची हस्तलिखित पत्रं जमवण्याचा त्यांना छंद होता. खांद्याला पिशवी, पिशवीत भिंग आणि पारदर्शक कागदाची पाकिटं. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, एकेक पत्र सोडवलं आणि पहिल्याच कार्डाला कळवळले. "अहो, हे काय केलंत! भोक नेमकं सहीतून?" व्यंकटनं माझ्याकडं पाहिलं. बघा, पुन्हा मीच!

वसंतरावांनी अंबुताईंची अकरा पत्रं सतरंजीवर मांडली आणि विचारलं, "आणि बारावं?"

व्यंकट दचकला. "तुमाला कुनी सांगितलं बारावं हाय म्हून?"

"त्यांनीच. जतला असतात, थकल्यात आता. म्हणाल्या, माझं शेवटचं मोठं पत्र मी येडशीच्या व्यंकटला लिहिलं. मी त्याला एक विचारलं आणि त्यानं भलतंच उत्तर दिलं. त्यानंतर मी कुणालाही लिहिलं नाही."

व्यंकट सतरंजीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "काय विचारलं व्हतं?"

"ते त्या सांगत नाहीत. म्हणून तर पत्र हवंय."

तेवढ्यात गुलाब दारातून पुढं आली. हाताला पीठ तसंच होतं. ती वसंतरावांशी बोललीच नाही, नवऱ्याकडं बघून म्हणाली, "तुमी नाव काढायचं न्हाय म्हणला व्हता. काढू का?"

"काढ," व्यंकट म्हणाला.

गुलाब भिंतीला टेकून बसली, डोळे मिटले आणि आठ वर्षांपूर्वी चुलीत गेलेलं पत्र बोलायला लागली. तिच्या बोलीत नव्हे, अंबुताईंच्या भाषेत, अक्षर न् अक्षर.

'व्यंकटराव, नजीरभाई मंगळवारी गेले. एकवीस वर्षं ते माझ्या डाव्या हाताला बसायचे. आता डावीकडे पाहिलं की घसा धरतो. सगळे म्हणतात, दुसरा सारंगिया बघा. दुसरा मिळेल हो, पण माझा श्वास कुठं तुटतो ते त्याला सांगावं लागेल. नजीरभाईंना कधी सांगावं लागलं नाही. जो येतो तो म्हणतो, लवकर गायला लागा. मला आठ दिवस अशा घरी जाऊन राहायचंय, जिथं मला कुणी गा म्हणणार नाही. तुमच्याकडे येऊ का? गुलाबबाईंच्या हातचे शेंगोळे खाईन आणि गप्प बसेन. बाकी काही लिहू नका. नुसतं "या" लिहा, मी निघते.'

व्यंकटनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग तसाच म्हणाला, "मला सांगितलं का न्हाईस गं?"

"सांगायलाच लागले व्हते. तुमी तोंड बंद केलं. मंग म्हणलं, उद्या पुसतील, परवा पुसतील. तुमी पुसलंच न्हाय." गुलाबच्या आवाजात भांडण नव्हतं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "म्या कंदीच तसंच फाडत न्हाय. आधी पाठ करून घेते, मंगच फाडते. तुमच्या आईचं हाय माझ्याकडं. माझ्या भावाचं हाय. समदी हायती."

त्या वेळी मला कळलं, मित्रांनो. या घराचं निम्मं टपाल माझ्यावर होतं आणि निम्मं तिच्यात होतं. मी इतकी वर्षं स्वतःला शहाणी समजत होते.

वसंतरावांनी चष्मा पुसला. "बाई, कमाल आहे तुमची. पण माझी अडचण समजून घ्या. हे अक्षर त्यांचं नाही. माझ्या संग्रहात हे बसणार नाही. ही अकरा पत्रं मात्र मी नेतो, नीट सांभाळीन."

"न्यायची तर बारा न्या," व्यंकट म्हणाला. "अकरा न्हाय."

"अहो, पण बारावं आहे कुठं?"

"आत्ता ऐकलं की तुमी."

वसंतराव चिडले. मला त्यांचं कळतं, भिंग घेऊन आलेल्या माणसाला आवाज कसा दिसावा? पत्रं सतरंजीवरच सोडून, चहा न घेताच त्यांनी एसटी गाठली.

ते गेल्यावर व्यंकटनं मला पत्रांसकट पुन्हा खिळ्याला टांगलं आणि दूध संस्थेचा रेघी कागद घेतला. गुलाब सांगत गेली, तो लिहीत गेला. एका ठिकाणी तिनं त्याला थांबवलं. "तसं न्हाय. 'मिळेल हो' असं हाय. 'हो' लिवा." त्यानं 'हो' लिहिला. लिहून झाल्यावर तो उठला आणि तो कागद माझ्याकडं आणला. क्षणभर थांबला. मग त्यानं समासाची कोरी जागा शोधली आणि तिथं, एकाही शब्दाला धक्का न लावता, मला हळूच टोचला. चौदा वर्षांत पहिल्यांदा इतक्या हळू. मरणाचं पहिलंच पत्र माझ्यावर आलं आणि मला ते मुळीच जड वाटलं नाही.

"आता तरी 'या' लिवा," गुलाब म्हणाली.

त्यानं जोडकार्ड आणलं. बायकोला पत्र पाठ असल्याची हकिकत दोन ओळींत लिहिली, आपली चूक एका ओळीत लिहिली आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'या.' मग दोघं रोज पोस्टमनची वाट बघायला लागली. मीही बघत होते, पण मनातून म्हणत होते, आठ वर्षांनी कोण उत्तर देतं?

पंधरा दिवसांनी जोडलेलं अर्धं परत आलं. अक्षर थरथरलेलं, पण तेच. व्यंकटनं मोठ्यानं वाचलं.

'व्यंकटराव, आठ वर्षांनी "या" म्हणता? इतकं गाणं ऐकणाऱ्यानं एवढा तालाला चुकू नये. आता माझे गुडघे मला उंबरा ओलांडू देत नाहीत. तेव्हा तुम्ही दोघं या. हुलग्याचं पीठ बाईंनी बरोबर आणावं, इथलं बरं नसतं. पत्र त्यांना पाठ आहे म्हणता, तर मला ते ऐकायचं आहे. मी काय लिहिलं होतं ते माझं मलाच आठवत नाही. आणि हो, मला गा म्हणू नका. वाटलं तर मी होऊन गाईन.'

गुलाब ऐकत होती. संपल्यावर, सवयीनं, ती म्हणाली, "पुन्यांदा वाचा." व्यंकटनं पुन्हा वाचलं. मग तोही सवयीनंच माझ्याकडं आला आणि कार्ड माझ्या टोकाशी धरलं. मी अंग सरळ केलं. बारा पत्रांनंतरचं हे तेरावं, मानाचं.

"थांबा!" गुलाबनं कार्ड त्याच्या हातून काढून घेतलं. "ह्याला भोक न्हाय पाडायचं."

तिनं ते पदराच्या टोकानं पुसलं आणि हुलग्याच्या पिठाच्या गाठोड्यात, अगदी मधोमध ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं सोलापूरच्या एसटीनं जतला निघाली. जाताना दाराला कडी लावण्याआधी व्यंकटनं पुन्हा आत डोकावून माझ्याकडं पाहिलं. मी रिकाम्या टोकानं लटकत होते. इतकी वर्षं भोकं पाडली म्हणून बोलणी खाल्ली, आणि जे एक पत्र मला खरंच हवं होतं ते गेलं पिठात! चीड आली का? आली. पण खरं सांगते, मी इतकी खूश कधीच नव्हते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुनी पत्रं जपा, त्यांना काड्या टोचू नका, आनंदाचीच नव्हे तर दुःखाचीही ठेवा. ते जमलं नाही तरी चालेल. पण घरात कुणी "अवो, पर त्यात आनखी..." असं म्हणून तुमच्या तोंडाकडं बघत थांबलं, तर आपला राग क्षणभर खिळ्याला टांगा आणि विचारा, "पुढं काय?" एवढे दोन शब्द विचारायला आमच्या व्यंकटला आठ वर्षं लागली.